गर्भाशयाच्या अस्तराची जाडी : भय कशाचे, काळजी कशाची?

मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भाताच्या व्यापाराचे जुने केंद्र होय. भातगिरण्या, बाजारपेठ आणि रेल्वे स्थानक यांमुळे तालुक्यातील गावांप्रमाणेच कळसूबाईच्या पलीकडील अकोले तालुक्यातील खेड्यापाड्यांतूनही येथे लोकांची सतत ये-जा असते. बाजारासाठी आलेले कुटुंब घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्याच फेरीत डॉक्टरांकडेही दाखवून घेते. एके काळी सोनोग्राफीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागे. आता ही सोय खेड्यांच्या पुष्कळच जवळ आली आहे. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तिच्याबरोबर काही नवे प्रश्नही घरोघरी पोहोचले आहेत.

पोटदुखी, मुतखडा किंवा पित्ताशयाचा विकार अशा कारणासाठी साठीच्या घरातील एखाद्या भगिनीची सोनोग्राफी होते. मूळ तक्रारीचे कारण सापडते किंवा सापडत नाही. पण अहवालाच्या अखेरीस एक ओळ असते : ‘गर्भाशयाचे अस्तर ८ मिलिमीटर जाड’. अहवाल इंग्रजीत असतो. तो समजून घेण्यासाठी कुटुंबातील माणसे गावातील शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी किंवा पंचायत सदस्य यांच्याकडे येतात. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पुढे कॅन्सर होईल’ असे शब्द तोवर घरभर झालेले असतात. पिशवी काढून टाकावी काय, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतोच.

याच गावात दुसरी एखादी भगिनी अशी असते की, पाळी जाऊन दहा वर्षे झाल्यावर तिच्या अंगावरून थोडेसे लाल गेलेले असते. परंतु संकोचामुळे किंवा ‘उष्णतेने झाले असेल’ या समजुतीने तिने ते कोणालाही सांगितलेले नसते. या दोघींपैकी तातडीच्या तपासणीची खरी गरज दुसरीला आहे. पहिलीला घाईची शस्त्रक्रिया नको आहे, तर दुसरीने एकही महिना दवडता कामा नये. हा भेद गावातील जाणत्या मंडळींना नीट उमगला तर दोन्ही प्रकारची हानी टळू शकेल.

अस्तराचे कार्य

गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला पोकळ अवयव आहे. त्याच्या पोकळीला आतून एक मऊ अस्तर असते. पाळी सुरू असलेल्या वयात बीजकोषांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे अस्तर दरमहा वाढते, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे ते परिपक्व होते आणि गर्भ न राहिल्यास पाळीच्या रूपाने गळून पडते. त्यामुळे या वयात अस्तराची जाडी महिन्याच्या दिवसांनुसार बदलत असते. पाळी नुकतीच संपल्यावर ते अगदी पातळ असते, तर पुढील पाळी जवळ आली असता १५ मिलिमीटरच्या आसपासही पोहोचू शकते. अशा स्त्रीच्या अहवालातील मोठा आकडा हा स्वतःहून रोगाचे लक्षण ठरत नाही.

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सर्वसाधारणपणे ४६ ते ४७ वर्षांच्या सुमारास होते. त्यानंतर बीजकोषांकडून होणारा इस्ट्रोजेनचा पुरवठा जवळजवळ थांबतो आणि अस्तर सुकून पातळ होते. म्हणूनच या वयात ते जाड दिसले की तपासणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष तिकडे जाते. लक्ष जाणे योग्यच आहे. मात्र लक्ष देणे आणि शस्त्रक्रिया करणे या दोहोंमध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत.

एक आकडा, दोन अर्थ

‘अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास धोका’ हे वाक्य अनेकांच्या कानावर आलेले असते. हा आकडा शास्त्रीय आहे. परंतु तो कोणासाठी आहे हे सहसा सांगितले जात नाही. रजोनिवृत्तीनंतर ज्या स्त्रीला रक्तस्राव झाला आहे, तिच्यासाठी तो ठरविण्यात आला आहे. अशा स्त्रीच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर अस्तराचा कर्करोग असण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते. जाडी त्याहून अधिक असेल, तर अस्तराचा नमुना घेऊन तपासणे आवश्यक ठरते.

ज्या स्त्रीला रक्तस्राव झालेलाच नाही, तिला हा आकडा जसाच्या तसा लावणे योग्य नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मतानुसार, रक्तस्राव नसताना केवळ ४ मिलिमीटरहून अधिक जाडी योगायोगाने दिसली म्हणून सरसकट पुढील तपासण्या करण्याचे कारण नाही. त्या स्त्रीची एकंदर प्रकृती व तिच्या बाबतीतील धोके पाहून निर्णय घ्यावा. कॅनडातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१० साली दिलेल्या मार्गदर्शनात रक्तस्राव नसलेल्या स्त्रियांसाठी ११ मिलिमीटर ही मर्यादा विचारात घेतली आहे. त्याहून अधिक जाडी असल्यास, अथवा जाडी कमी असूनही अस्तर असमान दिसत असल्यास, त्यात रक्तवाहिन्या वाढलेल्या असल्यास किंवा पोकळीत द्रव साठलेला असल्यास स्त्रीला तज्ज्ञांकडे पाठवावे, असे त्यात म्हटले आहे.

या ११ मिलिमीटरच्या मर्यादेमागील हिशेब २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला होता. त्यातील अंदाजानुसार, रक्तस्राव नसलेल्या स्त्रीची जाडी ११ मिलिमीटरहून अधिक असल्यास कर्करोगाची शक्यता सुमारे ६.७ टक्के असते, म्हणजेच अशा १०० स्त्रियांपैकी सुमारे ९३ जणींना कर्करोग नसतो. जाडी ११ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास ही शक्यता ०.००२ टक्के इतकी अत्यल्प राहते.

शाळेतील फूटपट्टीवर ४ आणि ११ मिलिमीटरच्या रेघा पाहिल्या म्हणजे हे अंतर किती सूक्ष्म आहे, याची कल्पना येईल. ४ मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या बहुतेक दाण्यांच्या लांबीहूनही कमी अंतर होय. मोजमाप करताना कोन थोडा बदलला किंवा पोकळीतील द्रव चुकून जाडीत धरला गेला, तर आकडा सहज बदलतो. भरलेल्या मूत्राशयावरून, म्हणजे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत हे अस्तर तितकेसे स्पष्ट दिसत नाही. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी या कामी अधिक अचूक असते आणि तीसाठी मूत्राशय रिकामे ठेवावे लागते. पोटावरील सोनोग्राफीत जाडी आढळली असेल, तर प्रथम ही तपासणी करून आकड्याची खात्री करून घेणे हे शहाणपणाचे ठरते.

जाडी का वाढते?

अस्तर जाड दिसण्याची कारणे अनेक आहेत. रक्तस्राव नसलेल्या स्त्रियांमध्ये नेहमी आढळणारे कारण म्हणजे पॉलिप, अर्थात अस्तरातून फुटलेला कोंबासारखा मऊ भाग. असे कोंब बहुतांशी निरुपद्रवी असतात. काही वेळा अस्तर प्रत्यक्षात सुकलेलेच असते. पण त्यातील सूक्ष्म पोकळ्यांमुळे ते सोनोग्राफीत जाड भासते. पोकळीलगतची स्नायूची गाठही अस्तराचा भास निर्माण करू शकते.

दुसरा गट संप्रेरकांचा. शरीरातील मेदामध्ये काही प्रमाणात इस्ट्रोजेन तयार होत असते. त्यामुळे स्थूल स्त्रीच्या अस्तराला रजोनिवृत्तीनंतरही चालना मिळत राहते. स्थूलतेबरोबरच मधुमेह, मूल न झालेले असणे, पाळी उशिरापर्यंत सुरू राहणे आणि कुटुंबात गर्भाशय किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे या बाबी धोका वाढविणाऱ्या आहेत. गर्भाशय शाबूत असताना केवळ इस्ट्रोजेनची औषधे दीर्घकाळ घेतल्यास अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ सालीच निदर्शनास आले होते. त्यामुळे अशा उपचारात प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाची जोड दिली जाते.

स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन हे औषध घेणाऱ्या स्त्रियांचे अस्तर सोनोग्राफीत अनेकदा जाड दिसते. त्यांना तक्रार नसेल तर वारंवार सोनोग्राफी करण्याची शिफारस केली जात नाही. रक्तस्राव झाल्यास मात्र तपासणी अपरिहार्य असते. केवळ अस्तराच्या जाडीच्या भीतीने हे औषध परस्पर बंद करणे घातक ठरू शकते.

रक्तस्राव हीच खरी सूचना

रजोनिवृत्तीनंतर एकदाच, थेंबभर, गुलाबी किंवा तपकिरी डाग पडला तरी तो रक्तस्रावच समजावा. अशा स्त्रियांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतो. योनिमार्ग व अस्तर कोरडे पडणे हेही त्याचे एक नित्याचे कारण आहे. परंतु २०१८ साली जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ९ जणींना अस्तराचा कर्करोग असल्याचे, आणि हा कर्करोग झालेल्या १०० पैकी सुमारे ९० जणींना रक्तस्रावाची सूचना मिळाली असल्याचे दिसून आले. बहुतेक वेळा हा रोग आपली वर्दी आधी देतो. ती वर्दी ऐकली गेली आणि रोग गर्भाशयापुरता मर्यादित असतानाच उपचार झाले, तर बरे होण्याची शक्यता चांगली असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. आपल्या देशात गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग हा अस्तराच्या कर्करोगापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो आणि त्याचेही लक्षण रक्तस्राव हेच असते. अस्तर पातळ असल्याचा सोनोग्राफीचा अहवाल मिळाला म्हणून गर्भाशयमुख निरोगी ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी प्रत्यक्ष आतून तपासणी करणे आवश्यक असते. केवळ सोनोग्राफीवर समाधान मानणे ही गंभीर उणीव होय.

तीन उदाहरणे

प्रत्यक्ष निर्णय कसा घेतला जातो, हे तीन काल्पनिक उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिली भगिनी ५८ वर्षांची. रक्तस्राव कधीही नाही, अस्तर ७ मिलिमीटर, एकसारखे, पोकळीत द्रव नाही, वजन बेताचे, मधुमेह नाही. तिला गर्भाशय काढण्याची गरज नाही. अनेकदा अस्तराचा नमुनाही घ्यावा लागत नाही. रक्ताचा डाग दिसल्यास त्वरित यावे, एवढी स्पष्ट सूचना तिला व तिच्या घरच्यांना देणे हाच तिचा उपचार होय.

दुसरी ६२ वर्षांची. रक्तस्राव नाही, परंतु अस्तर १३ मिलिमीटर, शरीर स्थूल आणि मधुमेह आहे. तिच्या अस्तराचा नमुना घेऊन तपासावा. तिच्या बाबतीतही पहिली पायरी तपासणीचीच आहे. शस्त्रक्रियेचा विचार त्या अहवालानंतर करावयाचा असतो.

तिसरी ५५ वर्षांची. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर एकदा रक्तस्राव झाला आणि अस्तर ३ मिलिमीटर आढळले. अस्तराच्या कर्करोगाची शक्यता अल्प आहे; तथापि गर्भाशयमुखाची तपासणी करावयासच हवी. रक्तस्राव पुन्हा झाला, तर अस्तर पातळ असूनही नमुना तपासला पाहिजे. कारण कर्करोगाचे काही विरळ प्रकार पातळ अस्तरातही आढळतात.

नमुना-तपासणी आणि पुढील उपचार

अस्तराचा नमुना घेण्यासाठी सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची लवचीक प्लॅस्टिकची नळी वापरतात. गर्भाशयमुखातून ती आत सरकवून अस्तराचे कण ओढून घेतले जातात. पाळीच्या वेळेसारखी कळ येऊ शकते. परंतु सहसा भूल द्यावी लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकते. पसरलेला रोग या तपासणीत सहसा सुटत नाही. पॉलिपसारखा एकाच जागी असलेला दोष मात्र हुकू शकतो. तशी शंका असल्यास दुर्बिणीने गर्भाशयाची पोकळी पाहून नेमका तोच भाग काढता येतो. ‘क्युरेटिंग’ ही जुनी पद्धतही काही ठिकाणी वापरली जाते. घेतलेला नमुना विकृतिशास्त्रज्ञांकडे पाठविला गेला पाहिजे आणि त्याचा लेखी अहवाल रुग्णाच्या हाती आला पाहिजे. याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

अहवालानुसार उपचार ठरतात. अस्तर सुकलेले असेल तर काहीही करावे लागत नाही. पेशींची वाढ झालेली असूनही त्यांचे रूप बिघडलेले नसेल, तर पुढील २० वर्षांत तिचे कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. अशा वेळी प्रोजेस्टेरॉनवर्गीय गोळ्या निदान सहा महिने देऊन, किंवा ते औषध सोडणारे साधन गर्भाशयात बसवून, पुन्हा नमुना तपासला जातो. वजन कमी करणे आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे यांचाही यात वाटा असतो. पेशींचे रूप बिघडलेले असेल, तर त्याच वेळी कर्करोग दडलेला असण्याचा किंवा पुढे होण्याचा धोका मोठा असतो. तेव्हा रजोनिवृत्त स्त्रीला गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला जातो आणि तो मानणे हिताचे असते. कर्करोगच आढळल्यास विलंब न लावता कर्करोगतज्ज्ञांकडे जावे. म्हणजे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ही वाईट नाही. तिला सबळ आणि लेखी कारण मात्र हवे.

घाईची किंमत

कारणाविना गर्भाशय काढल्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळले. त्यांतील पुष्कळ महिला ऐन तारुण्यातील होत्या. त्यांचा प्रश्न रजोनिवृत्त स्त्रियांपेक्षा वेगळा असला, तरी ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ ही भीती दोन्हीकडे सारखीच काम करते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी ही तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्तरावर देखरेख समित्या असाव्यात, अशी त्यात तरतूद आहे.

शस्त्रक्रियेत भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तसेच मूत्राशय वा मूत्रवाहिनीला इजा होण्याचा धोका असतोच. त्यानंतर सुमारे सहा आठवडे जड काम वर्ज्य असते. इगतपुरीसारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यात भाताच्या आवणीचे दिवस मोजकेच असतात. त्या दिवसांत घरातील कर्ती स्त्री खाटेवर असणे म्हणजे काय, हे येथील शेतकरी कुटुंबांना सांगावयास नको. शस्त्रक्रियेसाठी घेतलेले कर्ज फेडावयाचे राहते ते वेगळेच.

गावपातळीवर काय करता येईल?

अहवाल घेऊन कोणी आले असता शिक्षक व पंचायत सदस्य यांनी निदान करू नये. ते डॉक्टरांचे काम आहे. त्यांनी तीन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत : पाळी बंद होऊन वर्ष झाले आहे काय? त्यानंतर केव्हाही रक्ताचा डाग दिसला काय? गर्भाशय काढण्यास सांगितले असल्यास अस्तराच्या नमुन्याचा अहवाल आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या स्त्रीला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घेण्यास सुचवावे. असा सल्ला घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अवमान नसून रुग्णाचा हक्क आहे.

घोटी परिसराच्या दृष्टीने पाहता, धामणगाव येथील एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तालुक्यातच आहे आणि नाशिकचे जिल्हा रुग्णालयही रस्त्याने फार दूर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांतून प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण उपलब्ध आहे. कोणता उपचार योजनेत बसतो, याची चौकशी तेथील आरोग्यमित्रांकडे करावी. शस्त्रक्रिया झालीच, तर काढलेले गर्भाशय तपासणीस पाठवून त्याचा अहवाल मिळवावा आणि सर्व कागद जपून ठेवावेत.

सर्वांत मोठा अडसर संकोचाचा आहे. मुलासमोर, सुनेसमोर किंवा पुरुष डॉक्टरांसमोर हा विषय काढणे वृद्ध स्त्रीला अवघड वाटते. आशा कार्यकर्तीने घरभेटीत, अंगणवाडी सेविकेने मातांच्या बैठकीत आणि बचत गटाने आपल्या मासिक सभेत ‘पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला काय?’ हा प्रश्न मोकळेपणाने विचारण्याची प्रथा पाडावी. महिला ग्रामसभेत वर्षातून एकदा या विषयाची माहिती देण्यास कोणताही वेगळा खर्च येत नाही. सोनोग्राफीच्या कागदावरील आकडा घेऊन माणसे दारी येतात. अंगावरील डाग मात्र मुकाट्याने लपविला जातो. तो सांगण्याचे धैर्य गावातील प्रत्येक स्त्रीला मिळावे आणि सांगितल्यावर तिला त्वरित व योग्य तपासणी मिळावी, एवढी व्यवस्था आपल्या गावापुरती उभी करणे हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील कार्य आहे.